प्राथमिक की दुय्यम? : सातारा-सांगलीच्या साधनांच्या निमित्ताने

संशोधनपद्धतीवरील बहुतेक क्रमिक पुस्तकांत इतिहासाच्या साधनांचे प्राथमिक व दुय्यम असे दोन वर्ग करून प्रत्येकाखाली एक यादी दिलेली असते. पत्रे, ताम्रपट, नाणी, बखरी एकीकडे. ग्रंथ, लेख, ज्ञानकोश दुसरीकडे. परीक्षेच्या दृष्टीने हे सोयीचे असले, तरी त्यातून विद्यार्थ्यांच्या मनात एक चुकीचे समीकरण दृढ होते. जुने व हस्तलिखित ते प्राथमिक, छापील व अलीकडचे ते दुय्यम. सातारा व सांगली परिसरातील साधनांना हे समीकरण लावून पाहिल्यास ते टिकत नाही.

मल्हार रामराव चिटणीस यांची बखर साताऱ्याच्या दरबारात १८१० च्या सुमारास सिद्ध झाली. प्रतापगडचा प्रसंग १६५९ चा. म्हणजे या दोहोंत दीडशे वर्षांचे अंतर आहे. शिवकालाच्या अभ्यासकासाठी चिटणीसांचे लेखन दुय्यमच ठरते. घराण्यातील कागदपत्रे त्यांच्यासमोर असावीत, एवढाच त्याचा विशेष. सभासदाची बखर शिवाजी महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाची, १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिलेली. तिचे स्थान वेगळे आहे, यद्यपि तीही स्मरणावरच आधारलेली आहे. यादीत मात्र दोन्ही ‘बखरी’ शेजारी बसतात. उलट, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साताऱ्याच्या दरबारात शिवाजी महाराजांची प्रतिमा कशी होती, हा प्रश्न असेल, तर चिटणीसांची तीच बखर प्राथमिक साधन होते. कागद बदललेला नाही, प्रश्न बदलला आहे. नेमकी हीच गोष्ट वर्गात क्वचित सांगितली जाते.

मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हे याहून बोधप्रद उदाहरण आहे. पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे निवडून, मोडीतून बालबोधीत आणून शास्त्रीबोवांनी ती प्रसिद्ध केली. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन १७९५ च्या खर्ड्याच्या मोहिमेत मराठ्यांचे सेनापती होते. त्यामुळे उत्तर पेशवाईच्या अभ्यासात या संग्रहाला पर्याय नाही. तथापि पत्रांच्या आधी खऱ्यांनी स्वतः लिहिलेली घटनांची हकीकत येते. पत्र प्राथमिक, हकीकत दुय्यम, आणि दोन्ही एकाच बांधणीत. विद्यार्थी तळटीपेत केवळ ‘खरे, ऐतिहासिक लेखसंग्रह’ एवढेच लिहितो, तेव्हा साक्ष छावणीतील कारकुनाची की शंभर वर्षांनंतरच्या संपादकाची, हे परीक्षकालाही कळत नाही. विधान मोठे असेल, तर एवढ्या एका संदिग्धतेने ते कोसळते. शिवाय छावणीतील कारकूनही प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी पाहून लिहीत नसे. ऐकीव वर्तमान कळविणारे पत्र समकालीन खरे, पण त्या घटनेपुरते ते प्रत्यक्षदर्शी नव्हे. पत्राचा क्रमांक, तारीख व लेखक यांची नोंद करण्याचा आग्रह मार्गदर्शकाने पहिल्याच प्रकरणापासून धरावयास हवा. छापील प्रतीत मोडीचे वाचन संपादकाचे असते, हेही एकदा मूळ कागदाशी ताडून दाखविल्यावाचून पटत नाही.

१९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारच्या अभ्यासात अडचण निराळी आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या सहकाऱ्यांनी पुढे अनेक दशकांनी आठवणी सांगितल्या. सहभागी व्यक्तीची आठवण म्हणून ती प्राथमिकच. परंतु दरम्यान गौरवग्रंथ, सत्कार व पोवाडे यांतून रूढ झालेली कथा त्या आठवणीत मिसळलेली असते. १९४३ मध्ये शेणोलीजवळ झालेल्या रेल्वे लुटीचे वर्णन अशा आठवणींत वाचताना सांगणारा स्वतः रुळापाशी होता की नंतर कोणाकडून ऐकून सांगतो आहे, हे आधी पाहावे लागते. पोलिसी अहवाल समकालीन असला, तरी तो विरुद्ध पक्षाचा. येथे ‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थ ‘विश्वसनीय’ असा घेणे घातक ठरते. तरीही असंख्य प्रबंधांत तो तसाच घेतलेला आढळतो.

या विषयावर काम करणारे बरेच विद्यार्थी वाळवा, तासगाव या तालुक्यांतील असतात. ते दप्तरात ‘सांगली’ शोधतात व रिकाम्या हाताने परततात. दक्षिण सातारा हा जिल्हा १९४९ मध्ये निर्माण झाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. त्यापूर्वीचे या तालुक्यांचे सरकारी कागद साताऱ्याच्या नावाखालीच धुंडाळावे लागतात.