डोंगराचा जमाखर्च

दिवाळी अंकात प्रवासवर्णन नसले तर अंक अपुरा वाटतो, आणि प्रवासवर्णनात एखादा डोंगर नसला तर ते प्रवासवर्णन अपुरे वाटते. अंगाला उटण्याचा वास अजून येतो आहे, पुढ्यात फराळाची बशी आहे, आणि दुसऱ्या कुणी घाम गाळून चढलेला डोंगर आपण बसल्या जागी चढतो आहोत, यात मोठे सुख आहे. ते सुख मीही वर्षानुवर्षे घेतले आहे. परंतु अलीकडे या लेखनातला एक प्रकार फार बोकाळला आहे, आणि त्याच्याविषयी सणाच्या दिवशीही चार शब्द बोलावेत असे वाटते. 'अमुक रुपयांत अमुक शिखर' हा तो प्रकार. लेखक खिशात थोडके पैसे घालून निघतो. एस.टी.ने जातो, देवळात निजतो, कुणाच्या तरी ओट्यावर जेवतो. पहाटे माथा गाठतो, सूर्योदय पाहतो, अंतर्मुख होतो आणि खाली उतरून हिशेब मांडतो : एकंदर खर्च इतका. मग वाचकाला सांगतो की, डोंगर चढायला श्रीमंती लागत नाही.

हे शेवटचे वाक्य खरेच आहे. जळगाव-धुळ्याकडे ते कुणी कुणाला सांगतही नाही. चैत्राच्या उन्हात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेली माणसे आम्ही लहानपणापासून पाहतो. डोंगर हा गरिबाने चढायचा असतो अशीच आमची समजूत आहे. मला खोटा वाटतो तो वरचा हिशेब. मी काही विद्यापीठातला टीकाकार नव्हे, साधा शाळामास्तर आहे. कादंबऱ्या लिहितो, पण वह्या तपासणे हा माझा रोजचा धंदा आहे. उत्तर बरोबर आणि रीत चूक, अशी गणिते मला चटकन ओळखू येतात.

रीत कुठे चुकते हे दाखवण्यासाठी आमचाच एक डोंगर घेतो. सातपुड्यातला अस्तंबा. भूगोलाच्या पुस्तकात त्याला 'अस्तंभा' म्हणतात आणि उंची १३२५ मीटर देतात. तो अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात आहे. १९९८ पर्यंत हा मुलूख धुळे जिल्ह्यातच होता, त्या वर्षी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. अस्तंब्याची यात्रा भरते ती नेमकी दिवाळीत. धनत्रयोदशीच्या सुमारास तळोद्याच्या बाजूने माणसांच्या रांगा डोंगराकडे लागतात. खानदेशातले, गुजरातेतले, मध्य प्रदेशातले हजारो लोक रात्रभर चालतात. त्यांत शेतमजूर असतात, भिल्ल-पावरा असतात, कॉलेजात जाणारी पोरे असतात. फडक्यात भाकरी आणि ठेचा, पिशवीत घरच्या शेवचिवड्याची पुडी, हातात काठी, एवढाच सरंजाम.

हा डोंगर अश्वत्थाम्याचा. महाभारतातला अश्वत्थामा सर्वांना माहीत आहे. झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना त्याने मारले, त्याच्या कपाळीचा मणी काढून घेण्यात आला, आणि वाहती जखम घेऊन हजारो वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप त्याला मिळाला. महाकाव्याने त्याला रानात सोडले आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिले नाही. लोकांनी मात्र त्याला आपल्या डोंगरावर जागा दिली. तो अजून हिंडतो, दारोदार जखमेवर घालायला तेल मागतो, असे आमच्या आयाबाया सांगत. दिवाळीत घरोघर तेलाचे बुधले भरलेले असतात, दिवे लागतात, डोक्याला तेल थापले जाते. त्याच दिवसांत या तेल मागणाऱ्याच्या भेटीला माणसे निघतात. डोंगराचा देवच मागणारा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा उपयोग आहे.

आता माझा अपराध सांगतो. माझ्या एका कादंबरीत अस्तंब्याचे एक प्रकरण आहे. नायक बेकार असतो, घरातून रुसून निघतो, यात्रेबरोबर रात्रभर चालतो, माथ्यावर पहाट होते आणि त्याला स्वतःची ओळख पटते. हे प्रकरण लिहिले तेव्हा मी तो डोंगर तळोद्याच्या रस्त्यावरून, एस.टी.च्या खिडकीतून पाहिला होता. तरी परीक्षणांत त्या प्रकरणाची वाखाणणी झाली. 'सातपुडा जिवंत झाला आहे' असेही कुणी लिहिले, आणि मी ते कात्रण जपून ठेवले.

माझे मामा धुळे तालुक्यात शेती करतात. अस्तंब्याची यात्रा त्यांनी अनेकदा केलेली. त्यांना मी ते प्रकरण ओट्यावर बसून मोठ्या हौसेने वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले, तंबाखू मळली आणि विचारले, "भाऊ, तुना मानूस रातभर चालना, मंग पानी कोठे पिना?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझा नायक सबंध रात्र चढत होता, त्याच्या मनात बारा पानांचे विचार आले होते. पण त्याला तहान एकदाही लागली नव्हती. इतकी नेमकी टीका माझ्या लेखनावर तोवर कुणी केली नव्हती, आणि त्यानंतरही कुणी केलेली नाही.

पुढल्या दिवाळीत मामांच्या गावकऱ्यांबरोबर मी निघालो. सोबत एक वही घेतली आणि पैन् पै लिहून ठेवली, कारण मलाही तेव्हा 'थोडक्या रुपयांत अस्तंबा' असा लेख लिहायचा मोह होता. सगळा खर्च पाचशेच्या आत बसला. चढणीवर मध्यरात्र उलटल्यावर एका पाड्याजवळ, वाटेच्या कडेला, एक माणूस दोन घागरी आणि एक पेला घेऊन बसला होता. येईल त्याला पाणी देत होता. मी प्यालो, पुन्हा मागितले, पुन्हा प्यालो. किती द्यायचे म्हणून विचारले. तो म्हणाला, "त्यात काय द्यायचं? पेला तेवढा जागेवर ठेवा." मी वहीत लिहिले : पाणी, शून्य.

उतरताना दिवस होता. तीच जागा उन्हात पाहिली. त्याची बायको आणि मुलगी खालच्या नाल्यावरून डोक्यावर घागरी घेऊन चढत होत्या. ती चढण मी रिकाम्या हातांनी चढलो असतो तरी दोनदा बसलो असतो. वाटेच्या दोन्ही अंगांना त्यांची ज्वारी उभी होती. जिथे वाट अरुंद होती तिथे ती आडवी झाली होती; रात्री अंधारात आम्हीच ती तुडवली होती. त्या 'शून्या'कडे मी पुन्हा पाहिले. पाणी फुकट नव्हते. त्याचे मोल मी दिले नव्हते एवढेच. ते दुसऱ्या कुणीतरी आधीच देऊन ठेवले होते.

स्वस्तातल्या प्रवासाच्या लेखनाबद्दल माझी तक्रार आहे ती हीच. त्याच्या वहीत खर्चाची एकच बाजू असते. माझ्या खिशातून जे गेले तेवढेच लिहायचे. माझ्यासाठी दुसऱ्याचे जे गेले त्याला 'आदरातिथ्य' म्हणायचे, त्यावर एक गोड परिच्छेद लिहायचा आणि पुढे सरकायचे. ज्याच्या ओट्यावर जेवलो त्याचे घर किती माणसांचे, भाकरी किती होत्या आणि पाहुण्याने खाल्ल्यावर किती उरल्या, हे लेखनात येत नाही. 'भोळीभाबडी माणसे' या दोन शब्दांत त्या घराची वासलात लागते.

आपल्या वाङ्मयात असे पूर्वीपासून आहे असे मात्र नाही. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' पाहा. घरच्या कर्जाने गांजलेला वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि थेट बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. पुस्तक पुढे १९०७ साली छापले गेले. इतिहासासाठी ते वाचतात, तसे वाचावेही; पण मला त्यातला हिशेब फार मोलाचा वाटतो. कुठे काय मिळाले, कुठे लुटले गेलो, कुणी जेवू घातले, हे तो माणूस विसरत नाही. मिळवलेले द्रव्य वाटेत गेले. शेवटी त्याने घरी काय नेले? गंगेची कावड. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले. म्हणजे त्याच्या वहीत येणे होते, तसे देणेही होते. आणि देणे फेडल्यावरच त्याचा प्रवास संपला.

दुसरे नाव गो. नी. दांडेकरांचे. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' ही नर्मदा परिक्रमेची कथा. परिक्रमावासीयाने मागून खावे असा त्या वाटेचा दंडकच आहे. त्या पुस्तकात निसर्ग भरभरून आहे. भाषेला कधी कधी मोहोर जरा जास्त येतो, हेही खरे. पण ज्यांनी वाढले ती माणसे त्यात चेहऱ्यांसकट आहेत. वाढणारा हात कसा होता हे लेखकाला आठवते. 'माचीवरला बुधा'त तर ते आणखी एक पाऊल पुढे गेले : डोंगर पाहायला आलेल्याला बाजूस ठेवले आणि डोंगरावरच ज्याला राहायचे आहे अशा म्हाताऱ्याला नायक केले. गडकिल्ल्यांवर पुढे ढिगाने लेखन झाले. त्यातल्या पुष्कळांनी दांडेकरांची विशेषणे उचलली. तो बुधा मात्र कुणी फारसा उचलला नाही.

यावर कुणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही साहित्याचा वाणसौदा करता आहात. डोंगरावर माणूस सौंदर्यासाठी जातो. तिथेही घागरी मोजायच्या काय?" आक्षेप वाजवी आहे. सूर्योदय मलाही आवडतो. अस्तंब्याच्या माथ्यावरून सातपुड्याच्या रांगा एकामागून एक उजळताना पाहिल्या तेव्हा माझ्याही तोंडून शब्द फुटला नव्हता. पण घागर लिहिल्याने सूर्योदय उणा होत नाही. तो ज्याच्या पाण्यावर मी पाहिला त्याचे नाव राहिले तर मात्र वर्णनाला पोकळपणा येतो. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. शेत, जाते, चूल, विहीर यांच्या कष्टांतून त्यांनी गाणी उभी केली. ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि महाराष्ट्र थक्क झाला. कष्टाचा हिशेब आणि काव्य यांचे वैर असते असे त्यांच्यानंतर तरी कुणी म्हणू नये.

बाहेरचे जगही याला अपवाद नाही. आफ्रिकेतला किलिमांजारो ५८९५ मीटरचा. तिथे उद्यानाचे शुल्क भरावे लागते, वाटाड्या सक्तीचा आहे, आणि ओझी वाहायला हमाल असतात. तेव्हा तो डोंगर 'स्वस्तात' करायचा म्हणजे काटछाट बहुधा हमालाच्या मजुरीत आणि त्याच्या जेवणात होते. उलट, श्रीलंकेतला श्रीपाद पर्वत २२४३ मीटरचा. बौद्ध, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे आपापल्या श्रद्धेने रात्री पायऱ्या चढतात. त्यांत म्हाताऱ्या बायाही असतात. तिथे गरीब माणूस कुणाचा पाहुणा नसतो, तो त्या वाटेचाच असतो. अस्तंबा या दुसऱ्या जातीचा डोंगर आहे. त्याच्यावर लिहिताना पहिल्या जातीच्या डोंगराची भाषा वापरली की लेखन फसते. माझे तसेच फसले.

आणखी एक कबुली द्यायला हवी. पाणी देणाऱ्या त्या माणसाविषयी मी लिहितो आहे, म्हणजे पुन्हा मीच बोलतो आहे. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ साली आला. त्यांच्या 'स्टेज' या कवितेत नेमके हेच दुखणे आहे : व्यासपीठावर आम्हांला कुणी बोलावले नाही, आमचे दुःख आम्हांलाच दुसऱ्यांनी सांगितले. ती कविता वाचल्यावर माझ्यासारख्याने लेखणी खाली ठेवावी असे नाही. पण थोडी नीट धरावी. पाड्यावरचा माणूस अस्तंबा लिहील तेव्हा त्यात यात्रेकरू कसे दिसतील, हा विचार मला मधूनमधून अस्वस्थ करतो. ज्वारी तुडवून गेलेले, दोन पेले प्यालेले आणि वहीत काहीतरी लिहिणारे एक मास्तर, एवढाच कदाचित मी त्यात असेन.

आणि स्वस्ताईची किंमत नेहमी घागरीएवढीच असते असेही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, अस्तंब्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंची पिकअप गाडी चांदसैली घाटात उलटली आणि त्यांतले काही जण दगावले. गरिबाला डोंगर मारत नाही; त्याला घरी नेणारी, मावतील त्याहून अधिक माणसे घेतलेली गाडी मारते. थोडक्या रुपयांच्या लेखात भाड्याचा आकडा असतो. त्या आकड्यात मागच्या फाळक्याला धरून उभे राहणे येते, हेही लिहिले पाहिजे.

कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली तर ते प्रकरण मी नव्याने लिहिणार आहे. सूर्योदय राहील, पण चार ओळींत. नायकाला तहान लागेल. तो पाणी मागेल, आणि मागताना त्याला थोडी लाज वाटेल. मला वाटते, त्याला स्वतःची ओळख माथ्यावर पटणार नाही; त्या दोन घागरींपाशी पटेल. कारण त्या डोंगरावरचा देवही मागणाराच आहे, आणि मागणाऱ्याला रिकामे न पाठवणे हा तिथल्या पाड्यांचा फार जुना धर्म आहे.

मामांना हे सांगितले तेव्हा ते काही बोलले नाहीत. यंदा धनत्रयोदशीला त्यांच्याकडे गेलो, तर यात्रेला निघालेल्या पोरांच्या पिशवीत भाकरीशेजारी त्यांनी तेलाची एक बाटली ठेवली. एक ऋषीच्या पायांशी वाहायला असेल, असे मी धरून चाललो. मग त्यांनी दुसरीही ठेवली. ती कुणासाठी, म्हणून विचारले.

"पानी देनाराकरता," मामा म्हणाले.