बाटलीवरचे ५० टक्के नेमके कशाचे?

मागच्या आठवड्यात मावशीने व्हॉट्सॲपवर एका बाटलीचा फोटो पाठवला. रेशी अळंबीच्या कॅप्सूल, वर ठळक अक्षरात 'पॉलिसॅकराइड ५०%'. काकांची केमो सुरू आहे. "तू अळंबीवरच पीएचडी करतेस ना, मग सांग, देऊ का?"

तुम्हालाही असे फोटो येत असतील, म्हणून त्या ५० टक्क्यांबद्दल लिहिते.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक माळ. भातातला स्टार्च हीसुद्धा तीच. अळंबीत आपल्याला रस असतो तो बीटा-ग्लुकानमध्ये. मणी ग्लुकोजचेच, पण १-३ जोडणीने ओवलेले आणि मधूनमधून १-६ जोडणीच्या फांद्या फुटलेल्या. आपल्या काही पांढऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा ग्राहक असतो, तो ही जोडणी बुरशीची खूण म्हणून ओळखतो. स्टार्चमध्ये मणी तेच, गाठ वेगळी (अल्फा). तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

आता मोजमाप. सर्रास वापरतात ती फिनॉल-सल्फ्युरिक ॲसिडची पद्धत. ॲसिड माळ तोडतं, फिनॉलमुळे पिवळा-नारिंगी रंग येतो, तो ४९० नॅनोमीटरला वाचायचा. स्वस्त आणि झटपट. पण माळ कुठली होती हे तिला कळतच नाही! पहिल्या वर्षी मी गव्हावर वाढवलेल्या बुरशीच्या तंतूंची पूड अशीच तपासली आणि आकडा बघून हरखून गेले. सीनियरने काही न बोलता त्यात आयोडीनचा थेंब टाकला. निळं-काळं. मी गहू मोजला होता. (अळंबीची शेती करणाऱ्यांना हे सांगायला नको, स्पॉनच्या पिशवीत दाणेच तर असतात.) म्हणून एन्झाइमने अल्फा-ग्लुकान वेगळं मोजून एकूण ग्लुकानमधून वजा करावं लागतं. ते लेबलवर क्वचितच दिसतं. अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलशी जुळली फक्त ५.

माझी खरी तक्रार मात्र आमच्याच लोकांवर आहे. कितीतरी रिव्ह्यू पेपरांत एकच तक्ता असतो: अळंबीचं नाव आणि पुढे ट्यूमररोधी, मधुमेहरोधी, अँटीऑक्सिडंट. पेशींवर केलेला प्रयोग, उंदरावरचा आणि माणसावरचा, सगळे एकाच रांगेत. शिताके अळंबीतल्या लेंटिनानचंच बघा. गोरो चिहारा आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये उंदरांच्या सार्कोमावर त्याचा परिणाम दाखवला. पुढे जपानने जठराच्या कर्करोगात केमोच्या जोडीला त्याला मान्यता दिली. पण तो शुद्ध केलेला रेणू होता आणि इंजेक्शनने दिला जायचा. कॅप्सूल पोटात जाते, ही माळ आपल्याला नीट पचत नाही, काही लाख वजनाचा रेणू जसाच्या तसा रक्तात पोचणं अवघड. आतड्यातल्या पेशींमार्फत थोडाफार परिणाम होत असेलही, पण तो इंजेक्शनचा पुरावा नव्हे. शिवाय पेशींवरच्या प्रयोगात नमुन्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन शिरलं असेल तर पेशी त्यानेही खवळतात. ते तपासलंय का, हे मी आता पेपर उघडल्यावर सगळ्यात आधी शोधते.

रेशी आणि कर्करोगाबद्दल कॉक्रेनचा आढावाही हेच म्हणतो: पहिला उपचार म्हणून वापरण्याइतका पुरावा नाही. केमोला जोड म्हणून त्यांनी दार बंद केलेलं नाही, पण तिथेही अभ्यास थोडे आणि फारसे भक्कम नाहीत.

मावशीला मी लिहिलं, बाटली ऑन्कॉलॉजिस्टना दाखव, त्यांनी हो म्हटल्याशिवाय उघडू नकोस. तिचं उत्तर आलं, "अगं, दोन दिवस झाले सुरू करून." मग मी फोनच लावला.