फोटोत घरची बाई कुठं आहे?

परदेशवारी करून आलेल्या कुणाच्याही घरी चहाला जा, टीव्हीला मोबाइल जोडून फोटो दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. आयफेल टॉवरपुढं नातवंडं, बर्फात जावई, बोटीत टोपी घातलेले सासरे. मी मात्र ह्या फोटोंत एकच गोष्ट शोधत बसते, की घरची बाई कुठं आहे? ती फार थोड्या ठिकाणी सापडते. सापडली तरी कडेला, अर्धी कापलेली. कारण बाकीच्या वेळी ती एकतर स्वतःच फोटो काढत असते, नाहीतर सगळ्यांचे स्वेटर, पाण्याच्या बाटल्या आणि खाकऱ्याचा डबा सांभाळत उभी असते.

म्हणून परदेशात गेल्यावर तास-दोन तासांसाठी तिथला फोटोग्राफर ठरवायची जी पद्धत आता आपल्या निपाणी-बेळगावकडच्या घरांतही आली आहे, तिला मी सरसकट नावं ठेवणार नाही. "एवढे लाख घालून गेलात, वर फोटोला वेगळे पैसे?" हा टोमणा मीही ऐकते. पण पैसे देऊन परक्या माणसाकडून फोटो काढून घेणं काही नवीन नव्हे. गेटवे ऑफ इंडियापुढं गळ्यात कॅमेरा अडकवून उभे असलेले फोटोवाले, ताजमहालाच्या संगमरवरी बाकावर बसवणारे, काश्मीरच्या बागेत फिरन आणि दागिने चढवून हातात फुलांची टोपली देणारे, ह्यांच्यापुढं आपल्या आया-सासवाही बसल्या आहेतच की. फोटोवाला कुटुंबातला नसतो, म्हणून तर कुटुंब पुरं येतं. ही त्याची जमेची बाजू मला मोठी वाटते.

माझी तक्रार आहे ती नंतर जे होतं त्याबद्दल. फोटोग्राफर ठरला की त्याच्याबरोबर फोटोचा साचाही येतो. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर भाड्यानं मिळणारा, वाऱ्यावर लांबलचक शेपूट उडवणारा झगा. तोच झगा आता दुबईच्या वाळवंटातही उडतो. क्योटोत भाड्याचा किमोनो. पॅरिसला भल्या पहाटे ट्रोकादेरोच्या पायऱ्यांवर जाऊन पाठमोरं उभं राहायचं आणि मान वळवून हसायचं. चार घरांचे असे फोटो शेजारी ठेवा, चेहरे झाका, कोण कुणाची हे तिच्या नवऱ्यालाही ओळखता येणार नाही. आमच्या वडगावात, शेजारच्या खासबाग-शहापुरात अजून मागाची खटखट ऐकू येते. त्या मागावर विणलेली साडी बॅगेतून सात समुद्रापार न्यायची, आणि फोटोच्या वेळी ती हॉटेलातच ठेवून दहाजणींनी घातलेला झगा अंगावर चढवायचा, हे मला पटत नाही. झगा वाईट म्हणून नव्हे. हौसेनं घातला तर जरूर घालावा. पण तो आपण निवडला, की त्यांच्या पॅकेजात होता म्हणून घातला, एवढं तरी स्वतःला विचारावं.

ह्या बाबतीत मला नेहमी एक जुना फोटो आठवतो. १० ऑक्टोबर १८८५ ही त्याची तारीख. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी त्यात आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसहून आलेल्या इस्लामबुली. हौसेची सहल नव्हती ती. आनंदीबाई १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय समुद्र ओलांडून गेल्या होत्या. त्या थंडीत काय नेसावं आणि काय खावं हे रोजचेच प्रश्न होते. तरी फोटोत त्या साडीत आहेत. ओकामी किमोनोत आहेत, इस्लामबुलींच्या अंगावर त्यांच्या देशाचा पोशाख आहे. तिघींपैकी एकीलाही दुसरीसारखं दिसायचं नाही. पुढं १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागासाठी नेमलं, आणि कामावर रुजू होण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांना आपण आज डोळ्यांपुढं आणू शकतो, ते अशा मोजक्या फोटोंमुळं. फोटो ही नुसती चैन नसते, ती अशी.

दुसरं नाव लाला दीनदयाळ ह्यांचं. मीरतजवळच्या सरधन्याच्या जैन घराण्यातले, पुढं निजामाच्या पदरी मोठे छायाचित्रकार झाले. पडद्यातल्या स्त्रिया परक्या पुरुषापुढं बसणार नाहीत हे ओळखून त्यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास जनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपवला. सव्वाशे वर्षांपूर्वी एका फोटोग्राफरला जे सुचलं, ते आज पैसे मोजणाऱ्या आपण मागायला लाजतो. "बाई फोटोग्राफर मिळेल का?" एवढंच विचारायचं असतं. बहुतेक मोठ्या शहरांत मिळते. कमरेवर हात ठेव, अजून जवळ ये, असं अनोळखी माणसानं सांगितलं की आपल्यातल्या कितीतरी जणी अवघडतात, आणि ते अवघडलेपण फोटोत कायमचं उतरतं.

वेळेचंही तसंच. फोटोवाल्यांना सूर्यास्ताआधीचा तास हवा असतो, तेव्हाचं ऊन सोनेरी आणि तिरपं, चेहऱ्यावर सावल्या कडक पडत नाहीत. नेमका तोच आपल्या संध्याकाळच्या जेवणाचा वेळ. दुबईत हिवाळ्यात सूर्य साडेपाच-सहाला मावळतो. मग फोटो साधावा की जेवण, अशी ओढाताण होते, आणि उपाशी राहते ती आईच. तर सकाळ मागा. सूर्योदयानंतरचं ऊन तितकंच मऊ असतं, शिवाय गर्दी नसते.

आणि हो, पैसे देण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. अमेरिका-इंग्लंडकडं मात्र साधारणपणे मालकी फोटो काढणाऱ्याचीच राहते. म्हणजे तुमच्या लेकीसुनांचे फोटो त्याच्या जाहिरातीत झळकू शकतात. "आमच्या परवानगीशिवाय कुठं टाकायचे नाहीत" हे एक वाक्य व्यवहार ठरतानाच लिहून घेतलं तर पुढची डोकेदुखी वाचते. किती फोटो मिळणार, सगळे की निवडक, मोठ्या आकारात की नुसते मोबाइलपुरते, हेही तेव्हाच विचारावं. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या आपण इथंच का गप्प बसतो कोण जाणे!

तेव्हा फोटोग्राफर ठरवायचा का, ह्याला माझं उत्तर "जरूर" असं आहे. पण तासभरच ठरवा. त्याला आधी सांगा, की मला माझ्या सासूबाईंबरोबर बाकावर बसलेला फोटो हवा, गुडघे दुखतात म्हणून त्या उभ्या राहणार नाहीत. मुलांना डबा वाढतानाचा हवा. एक माझा एकटीचा हवा, चष्म्यासकट. उरलेला वेळ कॅमेरा आत ठेवून डोळ्यांनी बघा. तेवढ्यासाठीच तर एवढं लांब गेलो ना?

घरी आल्यावर दहा फोटो कागदावर छापून घ्या आणि पाठीमागं नावं, गाव, तारीख लिहा. फिलाडेल्फियाच्या त्या फोटोखाली तिघींची नावं आणि गावं आहेत, म्हणून त्या आज कुणीतरी "परदेशी बाया" राहिल्या नाहीत. आपल्या फोटोमागं "आई" किंवा "वहिनी" एवढंच लिहू नका. आईचंही नाव असतं, ते पुरं लिहा.