धम्मट्ठ कोण? : मोहागतीच्या रूढ अर्थाची चिकित्सा

धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गातील पहिल्या दोन गाथांची निदानकथा परिचित आहे. श्रावस्तीत भिक्षाटन करून परतणारे भिक्खू पावसामुळे न्यायशाळेत शिरले. तेथे न्यायामात्य लाच घेऊन खऱ्या धन्याला बेदखल करीत असल्याचे त्यांनी पाहिले व भगवंतांना सांगितले. अविचाराने निवाडा करणारा धम्मट्ठ नव्हे, हा त्यावरील बुद्धवचनाचा आशय. अट्ठकथाकार त्याचे विवरण छंद, दोस, मोह व भय या चार अगतींच्या आधारे करतो. विहारांतील प्रवचनांतून हेच विवरण सांगितले जाते व बहुतांशी ते योग्यही आहे.

माझा आक्षेप एकाच जागी आहे. छंदासाठी आप्तमित्रांचा पक्षपात, भयासाठी सत्ताधीशाची धास्ती ही उदाहरणे पटतात. मोहासाठी मात्र लाच घेऊन निवाड्याच्या वेळी इकडेतिकडे पाहत अन्यमनस्कतेचे सोंग आणणारा न्यायाधीश दाखविला आहे. सोंग आणणारा सर्व काही जाणून असतो. त्याला लोभी म्हणावे. मोहग्रस्त कसे म्हणता येईल? असा अर्थ घेतला की लाच न घेणारा न्यायाधीश आपोआप मोहमुक्त ठरतो.

खानदेशचा अनुभव हे मान्य करू देत नाही. १९२९ साली मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य या नात्याने खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांतील काम आटोपून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले, ते धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी पुकारलेल्या सामाजिक बहिष्काराची चौकशी करण्यासाठी. (टांग्याचा अपघात आपण सारे सांगतो, चौकशीचा विषय कोणी सांगत नाही.) बहिष्कारात दुकानदार माल देत नाही, शेतकरी काम देत नाही. एकेक कृती सुटी पाहणाऱ्याला यात गुन्हा दिसत नाही. त्या कृतींमागील एकच चेतना पाहणाऱ्याला तो दिसतो. भगवंतांनी चेतनेलाच कम्म म्हटले आहे. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा संमत केला तो २०१६ साली.

कायदा असूनही मोह राहतो. १९९४ साली अहमदनगर जिल्ह्यात एका भिल्ल तरुणीची विवस्त्र धिंड काढण्यात आली. सत्र न्यायालयाने दिलेली अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा औरंगाबाद खंडपीठाने २०१० साली रद्द केली. जळगाव-धुळ्याची अपिले जातात ते हेच खंडपीठ. कारणे दोन : जातीचा दाखला सादर नव्हता आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता. येथे लाच, द्वेष वा भय यांचा आरोप कोणी केलेला नाही. तरीही, माझ्या मते, ही मोहागतीच होय : कागद दिसला, कृत्याचे स्वरूप दिसले नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०११ रोजी ‘कैलास’ प्रकरणात ही कारणे केवळ तांत्रिक ठरविली. त्या निकालपत्रातील एकलव्याचा उतारा फार गाजला. मला हे रूक्ष वाक्य अधिक मोलाचे वाटते.

न्यायाधीशाने नीती पाहावी, तर कोणाची, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीही स्वतःला नीतीच म्हणवीत होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले की संवैधानिक नीती ही स्वाभाविक भावना नव्हे, ती जोपासावी लागते. रूढीतून आपोआप येणारी नीती त्यांना अभिप्रेत नव्हती. अट्ठकथाकाराने मोहाला लाचेत कोंडले नसते, तर या जोपासनेची जागा त्याच्याच विवरणात सापडली असती.