सतरा आडवा येतो

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्यावर लिहिणारे बहुतेक जण ६१७४ ची जादू दाखवून थांबतात. माझी तक्रार तिथेच आहे. चार अंकी संख्या अवघ्या ९०००. सगळ्या तपासल्या की सिद्धता झाली. मूळ संख्यांत ती सोय नाही. परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या वर्गात, मी ३१, ३३१, ३३३१ अशी रांग फळ्यावर मांडली होती. ३३३३३३३१ पर्यंत सातही मूळ! पोरांनी नियम ठरवून टाकला, मीही मान डोलावली. रात्री आठवी संख्या भागून पाहिली : ३३३३३३३३१ = १७ × १९६०७८४३. दुसऱ्या दिवशी फळ्यापुढे उभे राहणे जड गेले. आमच्या रंजक गणिताच्या पुस्तकांत हा सतरा मला क्वचितच भेटला.