पुनर्वसन कोणाचे? : ‘रिबिल्डिंग पॅराडाइज’च्या निमित्ताने

आमच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी एक अमेरिकन माहितीपट दाखवला. रॉन हॉवर्ड यांचा ‘रिबिल्डिंग पॅराडाइज’, २०२० सालचा. कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे डोंगराच्या धारेवरचे गाव ८ नोव्हेंबर २०१८ रोजी वणव्यात जळाले. ८५ माणसे मेली, १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. पुढच्या वर्षभरात तिथल्या कुटुंबांनी संसार पुन्हा कसा मांडला, याचे हे चित्रण. चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘सर, ही घरे बांधणारी माणसे जागेची मालक आहेत. जी भाड्याने राहत होती ती कुठे गेली?’ दुसरा एक विद्यार्थी, चळवळीत हिरीरीने काम करणारा, म्हणाला, ‘गोऱ्यांच्या घरांची उठाठेव आपण का करायची?’

या दोन प्रश्नांपैकी पहिला मला खरा समीक्षेचा प्रश्न वाटतो. दुसऱ्याचे उत्तर आधी देऊन टाकतो. आमच्या साहित्याने माणूस केंद्रस्थानी मानला, तो केवळ आमचा माणूस नव्हे. ज्याचे घर जळाले त्याच्या दुःखाची जात विचारून आम्ही रडणार असू, तर आमच्यात आणि ज्यांनी आम्हांला जात विचारली त्यांच्यात फरक काय राहिला? मात्र दुःखाशी सहानुभूती असणे वेगळे आणि ते दुःख ज्या रीतीने मांडले गेले ती रीत निमूटपणे मान्य करणे वेगळे. समीक्षेचे काम इथून सुरू होते.

चित्रपटाचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. सुरुवातीची काही मिनिटे पळणाऱ्या माणसांनीच मोटारीतून आणि फोनवर टिपलेली आहेत. सकाळची वेळ, पण आभाळ मध्यरात्रीसारखे काळे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आग. त्यानंतर मात्र दिग्दर्शक आगीचा मोह सोडून देतो आणि रोजच्या जगण्याकडे वळतो. शाळा शेजारच्या चिको शहरात मॉलमध्ये आणि विमानतळाजवळच्या इमारतीत भरते. जळालेल्या नळयंत्रणेत बेंझिन हे विषारी द्रव्य सापडते आणि उभ्या राहिलेल्या घरातही पाणी पिता येत नाही. एकेकाळी आपण गावचा दारुडा होतो असे स्वतःच सांगणारा माजी महापौर त्याच जागी पुन्हा घर बांधायला निघतो. शाळाखात्याची प्रमुख असलेली बाई मुलांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून झटते आणि त्याच वर्षात आपला नवरा गमावते. जून २०१९ मध्ये मुलांचा पदवीदान समारंभ गावच्याच मैदानावर होतो. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. घर म्हणजे पाणी, शाळा आणि ओळखीचा रस्ता, हे हा चित्रपट फार चांगले सांगतो. मी स्वतः शिक्षक असल्यामुळे असेल, पण ते मैदान पाहताना माझा गळा दाटून आला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. चित्रपटातील मुख्य माणसे कोण आहेत? माजी महापौर, शाळाखात्याची प्रमुख, पोलीस अधिकारी, शाळेतील मानसशास्त्रज्ञ. म्हणजे गावाच्या व्यवस्थेत ज्यांना आधीच जागा होती अशी माणसे. पण पॅराडाइज हे काही श्रीमंतांचे गाव नव्हते. स्वस्तात राहता येते म्हणून निवृत्त, आजारी, कमी मिळकतीची माणसे तिथे आली होती. कित्येक जण जुन्या फिरत्या घरांच्या वसाहतींत राहत होते. आगीत मेलेल्यांत बहुसंख्य वृद्ध होते. आगीनंतर चिकोतल्या वॉलमार्टच्या मोटारतळावर जे तंबू पडले, त्यांत कागदावर काहीच नसलेली माणसेही होती. ज्याचा विमा होता त्याने विमा कंपनीशी भांडण केले. ज्याच्याकडे ना विमा ना जमीन, त्याला भांडायलाही जागा उरली नाही. २०१० मध्ये २६ हजार वस्ती असलेल्या या गावात २०२० च्या जनगणनेत पाच हजारांहून कमी माणसे मोजली गेली. परत न आलेली ही माणसे चित्रपटाच्या चौकटीबाहेर राहतात. ‘पुन्हा उभारणी’ हा शब्दच असा आहे की तो परतलेल्यांची गोष्ट सांगतो.

इथे मला माझ्या आजीची आठवण सांगितली पाहिजे. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. त्यात आमचे घर जळाले. ती आग वणव्याची नव्हती, ओळखीच्या माणसांनी लावलेली होती. म्हणून दोन्ही आगींची बरोबरी मी करत नाही. पण आजी सांगे, राखेतून तिने पहिल्यांदा जाते बाहेर काढले, कारण दगड जळत नाही. पंचनामा करणाऱ्याने लिहिले, ‘कच्चे घर, एक’. कणगीतली ज्वारी, लुगडी, बाबांची पाटी-दप्तर यांपैकी काहीही त्या तीन शब्दांत आले नाही. जागाही कागदावर आमची नव्हती. पॅराडाइजची माणसे राखेत वाकून काहीबाही शोधतात, तेव्हा मला तीच दिसली. आणि सरकारी कागद माणसाचे किती नुकसान मोजू शकतो, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे हेही दिसले. पॅराडाइजच्या नगरपरिषदेने जळालेल्या जागेवर फिरती गाडी उभी करून राहायची परवानगी आधी दिली. नंतर मलबा हटवण्याचा केंद्राचा निधी अडेल म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये ती काढून घेतली. आपल्याच जागेवरून उठवले गेलेले ते कुटुंब आमच्या वस्तीला अनोळखी वाटणार नाही.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. आग लागली ती ‘पीजी अँड ई’ या वीज कंपनीच्या उच्च दाबाच्या वाहिनीवरची, सुमारे शंभर वर्षांची झिजलेली लोखंडी कडी तुटून. जून २०२० मध्ये कंपनीने न्यायालयात ८४ माणसांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. दंड सुमारे ३५ लाख डॉलर. तुरुंगात कोणीही गेले नाही, कारण कंपनीला हातकड्या घालता येत नाहीत. आगग्रस्तांसाठी १,३५० कोटी डॉलरचा निधी ठरला. त्यातला निम्मा कंपनीच्याच शेअरच्या रूपात. म्हणजे ज्याचे घर कंपनीने जाळले, त्याने आता कंपनीची भरभराट व्हावी म्हणून प्रार्थना करायची! ही कबुली चित्रपट प्रथम दाखवला गेल्यानंतरची आहे हे खरे. कंपनीवरचा लोकांचा राग चित्रपटात दिसतो हेही खरे. पण तो राग एका प्रसंगापुरता येतो आणि ओसरतो. उरते ती गावाची जिद्द. जिद्दीचे कौतुक करायला कोणाचे काही जात नाही, म्हणून प्रस्थापितांना ते नेहमीच आवडते. आमच्या सहनशीलतेचेही असेच पुष्कळ कौतुक झालेले आहे.

तिसरी गोष्ट, कथा कुठून सुरू करायची याची. चित्रपट ८ नोव्हेंबरच्या सकाळी सुरू होतो. पण ही भूमी कोंकाव मैदू या आदिवासींची. १८६३ मध्ये ४६१ कोंकाव माणसांना लष्कराच्या पहाऱ्यात डोंगरापलीकडच्या राउंड व्हॅलीला हाकलत नेले; तिथे पोचली २७७. त्या भागातले आदिवासी ठरावीक काळाने रान हलकेच जाळत, म्हणजे मोठा वणवा पेटायला पालापाचोळा साठत नसे. १८५० च्या राज्याच्या कायद्याने असे रान पेटवणे गुन्हा ठरवले. आज तापते हवामान आणि दुष्काळ यांबरोबरच रानात साठलेला जळाऊ माल हे वणव्याचे एक कारण म्हणून तज्ज्ञ सांगतात, आणि आदिवासींचे ते जुने शहाणपण पुन्हा शिकू पाहतात. ज्यांना त्या भूमीवरून पहिल्यांदा विस्थापित केले त्यांच्या पुनर्वसनाचा चित्रपट कोण काढणार?

या मर्यादा सांगूनही मी हा चित्रपट पुढच्या वर्षी दाखवणार आहे. त्यातली माणसे खरी आहेत आणि त्यांचे कष्ट खरे आहेत. पण तो दाखवण्याआधी मी फळ्यावर तीन प्रश्न लिहीन : आग कोणामुळे लागली? परत कोण येऊ शकले? आणि पंचनाम्यात काय लिहिले गेले नाही? आपल्याकडे धरण, महामार्ग, पूर, दंगल यांनी उठवलेल्या माणसांवर जे लिहिले जाते तेही या तीन प्रश्नांवर घासून पाहावे. आजीचे ते जाते आज आमच्या सिमेंटच्या घरात दाराशी ठेवलेले आहे. त्यावर कोणी दळत नाही. पण घरात येणारे मूल विचारते, हे काळे कशाने झाले? तेव्हा सांगावे लागते.