मालक कोण? ‘प्रॉक’च्या पानाविषयी

लिनक्स या कार्यप्रणालीची माहितीपाने सहसा तिच्याबरोबर संगणकातच येतात. इंटरनेट बंद असले तरी ती वाचता येतात. शहापूर तालुक्यातल्या सापगावसारख्या गावी शिक्षकाला शंका आली, तर पानावर लिहिलेले असेल तेच तो मुलांना सांगणार. म्हणून या पानांतली वाक्ये पाठ्यपुस्तकाच्याच कसोटीने तपासायला हवीत, असे आम्हांला वाटते. येथे ‘प्रॉक’विषयीच्या माहितीपानांतला फाइलींच्या मालकीविषयीचा परिच्छेद घेऊ.

चालू असलेल्या प्रत्येक कार्यक्रमाला, म्हणजे प्रक्रियेला, एक क्रमांक असतो. ‘प्रॉक’मध्ये त्या क्रमांकाची डिरेक्टरी दिसते. तिच्यातल्या फाइली डिस्कवर नसतात. आपण वाचू लागलो की कर्नल त्यांतला मजकूर तयार करतो. प्रक्रियांना फाइलींचे रूप देण्याची ही कल्पना टॉम किलियन यांनी १९८४ साली युनिक्ससाठी मांडली होती.

या फाइलींचा मालक कोण? पान सांगते की, एरवी प्रक्रिया ज्याच्या अधिकाराने चालते तो वापरकर्ता. पण प्रक्रियेचा ‘डम्पेबल’ हा गुण १ नसेल, तर सुरक्षेसाठी मालकी ‘रूट’कडे जाते. प्रक्रिया कोसळल्यास तिच्या स्मृतीची प्रत काढू द्यायची की नाही, हे या गुणावरून ठरते. खाजगी चाव्या सांभाळणारा ‘एसएसएच-एजंट’ हा गुण मुद्दाम काढून टाकतो. लिनक्स ४.११ (२०१७) पासून कंटेनरमधल्या प्रक्रियांसाठी हा ‘रूट’ त्या कंटेनरचाच असू शकतो, हेही पानात आवृत्तीच्या क्रमांकासह दिले आहे. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असावा तशी ही नोंद आहे. जुन्या संगणकावर वेगळे का दिसते, ते तिच्यामुळे कळते. पानाचा हा मोठा गुण होय.

उणिवा दोन आहेत. पहिली अशी की, वाक्य ‘आतल्या फाइलीं’विषयी बोलते आणि थांबते. प्रत्यक्षात क्रमांकाची डिरेक्टरी स्वतः, तसेच तिच्यातली ‘टास्क’सारखी सर्वांना वाचायला खुली उपडिरेक्टरी, मूळ वापरकर्त्याच्याच नावावर राहते. याला कारण आहे. प्रक्रिया कोणाची हे ‘पीएस’सारखी साधने डिरेक्टरीचा मालक पाहूनच ठरवीत आली आहेत. कर्नलच्या संहितेतल्या टिपणीत हे लिहिलेले आहे. मालकीच्या वाक्यात नाही. ‘एसएसएच-एजंट’ची डिरेक्टरी पाहणाऱ्या मुलाला बाहेर आपले नाव आणि आत ‘रूट’ दिसेल. पुस्तक चुकले की संगणक, हे त्याला कळणार नाही.

दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. मालकी आणि परवानगीची अक्षरे वाचली की कोणाला काय वाचता येईल ते कळते, असे आपण शिकवतो. ‘प्रॉक’मध्ये ते पुरत नाही. सामान्य खात्यातून प्रक्रिया क्रमांक १ ची ‘मॅप्स’ फाइल यादीत पाहावी. ती सर्वांना वाचायला खुली दिसते, आकार शून्य दिसतो. वाचायला जावे, तर परवानगी नाकारली जाते. कारण विचारणाऱ्याला त्या प्रक्रियेच्या स्मृतीत डोकावण्याचा अधिकार आहे का, हे कर्नल ‘पीट्रेस’च्या नियमाने वेगळे तपासतो. हा नियम लिहिलेला आहे, पण दूर, एकेका फाइलीच्या वर्णनात. तो मालकीच्या परिच्छेदातच यायला हवा.

आपल्या भागात हे समजावणे सोपे आहे. सातबाऱ्यावर आदिवासी खातेदाराचे नाव असते. तरीही जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून ती जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. उताऱ्यावरची मालकी खरी असते, पण व्यवहाराचा नियम कायद्यात वेगळा दिलेला असतो.

अशी दुरुस्ती सुचवणे हे केवळ तज्ज्ञांचे काम नव्हे. वाक्य वाचावे, यंत्रावर पाहावे, फरक दिसल्यास कर्नलची आवृत्ती आणि पानाखालची तारीख लिहून ठेवावी. तेवढ्यावर मुलांची नोंदही पान सांभाळणाऱ्यांना उपयोगी पडते. छापलेले वाक्य निरीक्षणाने सुधारता येते, हे एकदा अनुभवलेला विद्यार्थी इतर पुस्तकेही त्याच नजरेने वाचील.